वालावलचे दोन पिस्टन

॥ श्री ॥
वालावल, ता. १२ एप्रिल १९५८

तीर्थरूप दादांस, धाकटी बहीण सावित्री हिचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. आंबा यंदा बरा आहे, काजू बेताचा. ट्रॅक्टर बंद पडला आहे.

तुम्ही चार वर्षांत इकडे आला नाहीत, म्हणून ट्रॅक्टरचे तुम्हांला ठाऊक नसेल. गेल्या साली ह्यांनी कोल्हापूरहून जुना डिझेलचा ट्रॅक्टर आणला. त्याने भाताची जमीन इतकी झटपट नांगरली की वाडीतल्या सहा घरांनी आपले बैल विकले. आमचे आधीच विकले होते. गेल्या सोमवारी इंजिन तापले, कण्हले आणि थांबले. हे त्याच्याभोवती तीन वेळा फिरले आणि म्हणाले, विश्रांती घेत असेल.

धोंडू लोहाराने इंजिन उघडून आतले दोन्ही पिस्टन काढले. एकावर लांब ओरखडे आहेत, वरच्या रिंगा तुटल्या आहेत, रिंगांच्या खाचा झिजल्या आहेत. दुसरा बघून धोंडूने नुसती विडी पेटवली. मी ह्यांना म्हटले, दादा मुंबईत इंजिनांचेच काम करतात, त्यांना विचारू. तर म्हणाले, "इंजिन माका कळता. तू रांधपाकडे बघ."

चार वर्षांमागे चतुर्थीला ह्यांनी भर पंक्तीत तुम्हांला तेलपुश्या म्हटले, ते मी विसरले नाही. पण मिरगाला आठ आठवडे उरले आणि सात घरांत मिळून एक बैल नाही.

वहिनीस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.
सावित्री


॥ श्री ॥
मुंबई, ता. २१ एप्रिल १९५८

चि. सौ. सावित्रीस, गुरुदासचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावले. लवूरावांना इंजिन कळते हे वाचून समाधान वाटले.

इंजिनाच्या अंगात पाणी फिरायच्या वाटा असतात. तिथे पांढरे काही साचले आहे का बघ. असल्यास बोटावर घेऊन जिभेला लाव आणि चव कळव. सिलिंडरच्या आतून नख फिरव, कुठे अडकते का तेही कळव. शेजारचा सत्यवान सुट्टी संपवून बोटीने परत येणार आहे, त्याच्याबरोबर दोन्ही पिस्टन पिनांसकट पाठव.

तेलपुश्याचे म्हणशील तर मी दिवसातून वीस वेळा तेल पुसतो. शब्द खोटा नव्हता. वाढलेल्या पानावरून उठावे लागले, ते लागले.

प्रकृतीस जप, आणि आहे तो जिव्हाळा ठेव.
गुरुदास


॥ श्री ॥
वालावल, ता. ३० एप्रिल १९५८

तीर्थरूप दादांस, सावित्रीचा शि. सा. न. वि. वि.

चव खारट आहे. ह्यांना विचारले तर म्हणाले, खाडीवरचा वारा खारट असतो. वारा रेडिएटरात कसा शिरला, ते मी विचारले नाही. मळ्याच्या कडेला खाडी आहे आणि विहीर वर घाटीत, एवढे मला ठाऊक आहे. नख कुठे अडकत नाही.

पिस्टन जुन्या लुगड्यात बांधून सत्यवानाकडे दिले. ह्यांना मी सांगितले नाही आणि ह्यांनी विचारले नाही. पिस्टन पडवीतल्या बाकावर असत. आता बाक रिकामा आहे आणि हे जाता-येता दुसरीकडे बघतात.

वाडीतले लोक येऊन बसतात, चहा घेतात, ट्रॅक्टरचे नाव काढीत नाहीत. परवा नर्मदाकाकू मात्र म्हणाल्या, "सावित्री, औंदा आमी कसा करुचा गो?" हे उठून आत गेले. मी मागोमाग गेले तर डोळे पुसत होते. हे पत्रात लिहू नये, पण लिहिले.

तुमच्या मायेवर भार घातला आहे, तो सोसावा.
सावित्री


॥ श्री ॥
मुंबई, ता. १८ मे १९५८

चि. सौ. सावित्रीस, गुरुदासचे अनेक आशीर्वाद.

एका पिस्टनच्या झिजलेल्या खाचा लेथवर साफ केल्या. त्या रुंद झाल्या, म्हणून त्यांत जाड रिंगा घातल्या. ओरखडे हाताने घासून काढले. दुसऱ्याला पिनेपासून माथ्यापर्यंत तडा होता. धोंडूने विडी पेटवली ती योग्यच. त्याच्या जागी भंगारातून थोडा मोठा पिस्टन आणून आपल्या मापाला उतरवला आणि दोघांचे वजन सारखे केले. तीन रविवार गेले. तुझी वहिनी म्हणाली, जो माणूस बोलत नाही त्याच्यासाठी एवढे? मी म्हटले, इंजिन मला काही बोलले नव्हते.

पावसाआधीच्या शेवटच्या बोटीने गाठोडे येईल. पिस्टन उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेव. गरम झाला की पिन बोटाने आत जाते. हातोड्याची गरज नाही, धोंडूला हे आधीच सांग. रिंगांच्या फटी एका रेषेत येऊ देऊ नको. माथ्यावरची खूण रेडिएटरकडे करावी. मिठाने पाण्याच्या वाटा बुजल्या म्हणून इंजिन तापले, त्या खरवडून साफ कर. पाणी विहिरीचे.

हे काम लवूरावांनी करू नये असे मी म्हणत नाही. तू करावेस, एवढेच म्हणतो.

इथल्या सर्वांची तुझ्यावर माया आहे, हे जाणावे.
गुरुदास


॥ श्री ॥
वालावल, ता. ९ जून १९५८

रा. रा. गुरुदासदादा यांस, लवूचा सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. सावित्री सांगत होती ती लिहिते म्हणून, पण हे मी लिहायचे आहे.

पिस्टन तिने बसवले. भाताच्या टोपात पाणी उकळले. मी रिंगा दाबून धरल्या. धोंडूने हातोडा आणला होता, तो त्याच्या हातातच राहिला. तिसऱ्यांदा हँडल मारल्यावर इंजिन सुरू झाले. सहाही घरचे लोक अंगणात होते. ते म्हणू लागले, विकणाऱ्याने लवूला फसवले होते. मला गप्प बसता आले असते. मी म्हटले, "पाणी खाडयेचा होता. मियाच घातलंय."

मग नर्मदाकाकू म्हणाली, "सांगलंस ता बरा केलंस. आता आमचो मळो पयलो नांगर." नांगरला. पाच घरांचे झाले, दोन उरली आहेत.

त्या चतुर्थीला तुम्ही पानावरून उठलात आणि मी जेवत राहिलो. मी वाईट बोललो. त्याची क्षमा मागतो.

कुडाळच्या एका भातगिरणीचे इंजिन धूर टाकते. मालकाने आज सकाळी माणूस पाठवला. मी सदरा बदलून निघालो, तर तो म्हणाला, बाईंना बोलावले आहे. ती नट खोलायचे पाने घेऊन गेली आहे. मी भात टाकला आहे. खालून लागला असावा, वास येतो.

यंदा चतुर्थीला वहिनींना घेऊन यावे. नक्की दिवस आधी कळवावा, म्हणजे सावित्रीला त्या दिवशी सवड आहे का, ते विचारून ठेवतो.

आपला,
लवू