मार्चमध्ये उघडलेली वेल

मिनेसोटा, २९ मार्च १९८६

चि. राग्ना हिस,
हाल्व्होरदादाचे अनेक आशीर्वाद. फार्गोत बर्फ उपसून तुझी कंबर मोडली असेल, पण इथे माझं त्याहून वाईट झालं आहे.

बाबांची द्राक्षाची वेल मी घालवली. थंडीपासून जपायला ऑक्टोबरात आडवी करून मातीत पुरायची आणि एप्रिल संपल्याशिवाय उघडायची नाही, हे आपण चालायला लागल्यापासून ऐकत आलो. पण चार दिवस कडक ऊन पडलं, आणि बाबा अंथरुणातून म्हणाले, एकदा बघू दे रे, एप्रिल काही मला दिसत नाही. मी उघडली. पाचव्या दिवशी पारा उणे पंचवीसवर. परत पुरायला धावलो, तर मातीचा दगड झालेला. वेलीवरचे डोळे, जिथून कोंब फुटतात ते, कापून पाहिले, आतून सगळे तपकिरी, मेलेले. मुळंही गेली. वीस वर्षं संकर करून काढलेली ही एकच वेल, जगात दुसरी नाही. आता बाबा रोज म्हणतात, वेलीचा एक डोळा आणि ब्लेडचं पातं आण, कापून दाखव. काय करू?

रागावून का होईना, लोभ ठेव.
तुझा दादा

१४ एप्रिल

चि. राग्ना, आशीर्वाद.
अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात सगळ्यांना कॉफी ओतताना तुला हे सांगता आलं नाही. मी नदीवरून जंगली द्राक्षाचा डोळा आणला आणि आपल्या वेलीचा म्हणून बाबांसमोर कापला. हिरवागार. त्यांनी तो बराच वेळ बोटांत धरला, म्हणाले, शाब्बास, जगली. त्या संध्याकाळपासून सूपही घेतलं नाही. सहाव्या दिवशी गेले. मरणाऱ्या बापाला फसवलं मी. झोप लागत नाही.
दादा

१९ एप्रिल

ती. दादास सा. न.
तुझा राग आला होता, अजून आहे. वेल उघडायला नाही म्हणायला जीभ उचलली नाही का तुझी?

तरी ऐक. तू तो डोळा कापलास त्याच दुपारी, तू गोठ्यात असताना, मला बाबांचा फोन आला होता. म्हणाले, वेल मेली गं. जंगली डोळा मला ओळखू येणार नाही होय? पोरगा गुडघाभर चिखलातून नदीवर जाऊन आलाय, बूट अजून ओले आहेत. त्याला कळू देऊ नकोस. हावरटासारखं मीच बघायला मागितलं.

मी कबूल केलं होतं. आज शब्द मोडला. ते फसले नव्हते, दादा. जगण्यावरून त्यांचं मन उडालं, हे मला त्यांच्या आवाजावरूनच कळलं होतं, आणि तरी मी लगेच निघाले नाही, रविवारपर्यंत थांबले.

मलाही माफ कर, माया कमी करू नकोस.
तुझी राग्ना