झाकणावरचा बर्फ

अव्वा, पुढच्या महिन्यात मी हिमनदी बघायला निघाले आहे. हिमनदी म्हणजे बर्फाची नदी. डोंगराच्या कुशीतून ती इतकी हळू सरकते की बघणाऱ्याला वाटावं, ही जागची हलतच नाही. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, तिथं जेवायला काय देतात, आणि मग विचारलं असतंस, सोबत कोण आहे. जेवायला राजमा-भात देतात म्हणे. सोबत आमच्या धाराशिवच्या भिशीतल्या बायका आहेत, सगळ्या साठी ओलांडलेल्या, आणि त्यातल्या दोघींना बस लागते. साडीवर स्वेटर घालायचा की स्वेटरवर साडीचा पदर घ्यायचा, यावर आमची गेली भिशी संपली.

हे ठरणं सोपं गेलं नाही. ती हिमनदी दरवर्षी मागं हटते आहे, आणि माझे गुडघेही पूर्वीचे राहिले नाहीत. आम्हा दोघींपैकी, हिमनदी आणि मी, आधी कोण थकेल हे काही सांगता येत नाही, म्हणून मला याच वर्षी जायचं होतं. तुझ्या नातवानं, माझ्या लेकानं, मात्र पुण्याहून फोनवर साफ नाही म्हटलं. डॉक्टर काय म्हणाले ते आठव, घरी बसून व्हिडिओ बघ, हवा तर मोठा टीव्ही पाठवतो, असं सगळं तो बोलला. आणि सुनेनं मागून शांतपणे एक प्रश्न विचारला. बर्फ का आटतोय म्हटलं तर आई समुद्राचं काहीतरी सांगतात, पण समुद्र कुठं आणि हिमालय कुठं. भिशीतल्या एकीनंही हेच विचारलं होतं, जरा खोचकपणे: "काकू, आपल्याकडं ना समुद्र ना बर्फ. तुम्हाला कशाला दोन्हींचा घोर?"

मला उत्तर माहीत होतं, पण वाचलेलं उत्तर तोंडातून पुस्तकासारखंच बाहेर येतं. फोन ठेवून मी स्वयंपाकाला लागले, दोडक्याच्या भाजीवर ताट झाकलं, ताटात सवयीनं पाणी ओतलं, आणि अव्वा, मला तुझं नळदुर्गचं स्वयंपाकघर आठवलं.

उन्हाळ्याची सुट्टी आहे. मी सोलापूरच्या बोर्डिंगमधून घरी आले आहे, सिस्टरनी शिकवलेलं इंग्रजी आणि विज्ञान माझ्या अंगात नुसतं सळसळतंय. दुकानात अप्पा गिऱ्हाईक करताहेत, बाहेर हैदराबादकडं जाणारे ट्रक भिंत हलवताहेत. तू चुलीपुढं बसली आहेस. कढईत वांगी आहेत, वर पितळी ताट, ताटात पाणी. भाजी करपू नये म्हणून हे पाणी, आणि रस्सा लागला तर हेच कोमट पाणी आत घालायचं, थंड पाण्यानं भाजी रुसते, हे तू मला किती वेळा सांगितलं असशील. मी ताट उचलते आणि वाफ मनगटावर येते. तू ताट आधी वाचवतेस, मग मला. "हुच्ची," म्हणतेस. वेडी पोर म्हणायचं झालं की तुला कानडीच लागायची. मग मनगटावर बटाट्याचा कीस लावता लावता ताटाच्या खालच्या बाजूचे थेंब मला दाखवतेस आणि सांगतेस की वरचं पाणी असं हळूहळू झिरपतं, म्हणून भाजी शिजते.

मी म्हणाले, अव्वा, हे वरचं पाणी नव्हे. ही खालची वाफ आहे, ती थंड ताटाला लागून गार होते आणि तिचं पुन्हा पाणी होतं. तू म्हणालीस, "कानवेंटात भाजी करत्यात व्हय?"

मग मी हट्टाला पेटले. समोरच्या रसवंतीतून बर्फाचा खडा मागून आणला, त्याला चिकटलेला लाकडाचा भुसा तू धुऊन काढलास, कारण भुशासकट तो तुझ्या ताटात जाणं शक्यच नव्हतं. खड्याचे दोन तुकडे केले. एक वाटीत घालून कोनाड्यात ठेवला, दुसरा ताटात, खदखदणाऱ्या कढईवर. जाळ तर ताटाला कुठंच लागत नव्हता. तरी ताटातला बर्फ बघता बघता लोण्यासारखा गेला, आणि कोनाड्यातला अजून कडकडीत होता. मी जिंकल्यासारखं तुझ्याकडं बघितलं. वाफ नुसती वर जात नाही, चुलीची ऊब सोबत घेऊन जाते आणि पाणी होताना ती तिथं सोडते, हेच मला दाखवायचं होतं. तू ताटात बघितलंस आणि म्हणालीस, बघ, पाणी वाढलं, आता आणखी झिरपणार.

मग ताटाला भोक कुठंय ते दाखव, मी म्हणाले. तू खरंच उठलीस. भाजी उतरवून, ताट पुसून दारात नेलंस आणि उन्हाकडं धरून एक डोळा मिटून बघत राहिलीस. अप्पा दुकानातून वळून बघायला लागले. तू ताट फिरवून फिरवून पाहिलंस, आणि अगदी गंभीरपणे म्हणालीस, "बारीक असंल. देवाला दिसतंय."

अप्पा वजनाचा काटा धरून हसत होते. त्या सुट्टीत तू सगळ्या गल्लीला सांगितलंस की आमची पोरगी भाजीवर बर्फ शिजवती. मला राग आला नाही, अव्वा. तू ते इतक्या कौतुकानं सांगत होतीस की मीच शेजारणींपुढं दोनदा तो प्रयोग करून दाखवला.

तर गेल्या आठवड्यात लेक-सून घरी आले, तेव्हा मी त्यांच्यापुढं गॅसवर भाजीची कढई ठेवली, वर ताट, ताटात फ्रीजमधला बर्फ. म्हटलं, कढई म्हणजे समुद्र. आपण हवेत जो धूर सोडतो, त्यानं अडकलेल्या जास्तीच्या उष्णतेपैकी बरीचशी समुद्रानं निमूटपणे पोटात घेतली आहे. तापलेल्या समुद्रातून वाफ जास्त निघते. ती डोंगरांकडं जाते, तिचे ढग होतात, आणि ढग होताना ती आपली ऊब वर सोडते. जिथं पूर्वी हिमच पडायचं तिथं आता कितीदा तरी पाऊस पडतो. हिम हे हिमनदीचं अन्न, आणि पाऊस तिला उलटा खातो. अर्थात सगळा भार समुद्रावर टाकता येणार नाही, डोंगरावरची हवाही तापली आहे, बर्फावर काजळीही बसते. पण या सगळ्याखालची चूल एकच, आपलीच. आणि तो वितळलेला बर्फ नद्यांतून वाहत शेवटी समुद्रालाच मिळतो. म्हणजे वरचं पाणी खाली येतं हे तुझं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, फक्त ते ताटातून झिरपत नाही, गावोगाव फिरून येतं. हे मी त्यांना तुझ्या नावानं सांगितलं. सून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

लेक हसला नाही. तो ताटाकडं बघत होता. शेवटचा तुकडा ताटाच्या कडेला जाऊन टेकला, पातळ झाला, दिसेनासा झाला.

"म्हणजे आणखी काही वर्षं थांबलीस तर तुला दिसेल ते आत्तापेक्षा कमीच," तो म्हणाला.

"व्हय," मी म्हणाले. इतक्या वर्षांच्या शुद्ध मराठीनंतर हे कुठून आलं कुणास ठाऊक.

जेवायला बसल्यावर त्यानं बराच वेळ भाजी चिवडली. मग म्हणाला, "जा. पण चढावर खेचरावर बसायचं. चालायचं नाही, वचन दे." मी वचन दिलं. भिशीत हे सांगितल्यावर सगळ्याच खेचराला तयार झाल्या, आता कोणाचं खेचर पुढं यावरून वाद आहे. मी तपकिरी कानटोपी घेतली आहे. मोजे लोकरीचे आहेत, टोचतात, तरी दुपारी एकटी असले की घालून बघते.

एक गोष्ट मात्र मी भिशीत बोलले नाही, लेकाला नाही, सुनेलाही नाही. एवढा जुना बर्फ आटतोय आणि मी त्याला भेटायला चालले आहे, तर मन जड व्हायला हवं. निदान सांगताना तरी मी तसा चेहरा करते. पण अव्वा, मला इतका आनंद झालाय की लाज वाटते.