आधी तोंड, मग शाल

ती. स्व. द्वारकाअक्कास,

धाकट्या काकासाहेबाचा जाफराबादहून साष्टांग नमस्कार. इकडे कापूस घरात आला, सोयाबीन गेलं आणि माझं नाव सध्या तालुक्यात गाजतंय. तिकडे दाजींचा गुडघा कसा आहे? कारखाना सुरू झाला म्हणजे ते रजा घेणार नाहीतच. आणि तुझं तोंड? भाऊबीजेला तू ठेचा ताटात बाजूला सारलास, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. (लहानपणी माझ्या वाट्याचाही ठेचा खाणारी तू!) याचं खरं उत्तर दे. फोनवर 'बरं हाय' म्हणून तू विषय बदलतेस, म्हणून हे पत्र.

तर गाजण्याचं कारण असं. नॉर्वे देशातल्या एका संस्थेनं आपल्याकडच्या डॉक्टरांशी हातमिळवणी केली आहे. तोंडाचा कॅन्सर वाढायच्या आधीच पकडायचा, असा बेत. तिकडची माणसं येऊन आपल्या आशाताईंना तोंड तपासायला शिकवतात. (आपली तोंडं बघून तेही बरंच शिकतात, असं जालन्याच्या प्रियदर्शनी डॉक्टरच म्हणाल्या.) आपल्या गावात शिबिर ठरलं, स्वागत समिती झाली, आणि अध्यक्ष कोण हे तुला सांगायला नको. शिबिराला वेळ तीन तास. सत्कार करणाऱ्यांची यादी काढली ती बेचाळीस जणांची निघाली. सत्कार घेणाऱ्या फक्त दोघी, प्रियदर्शनी डॉक्टर आणि नॉर्वेच्या इंग्रिडबाई. पण वगळणार कुणाला? वगळलेला माणूस पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतो.

दोन तास झाले तरी इंग्रिडबाई गुलाबी फेटा बांधून खुर्चीतच. मांडीवर दहा शाली. त्यात माझं प्रास्ताविक चाळीस मिनिटांचं, विषय 'तंबाखूचे दुष्परिणाम'. (ते मी गालात बार भरूनच केलं, पण उच्चार बिलकुल स्पष्ट होते.) तपासणीच्या तंबूत दाढ दुखणारा एक म्हातारा सोडला तर कुणीही नाही. अकरावी शाल येताना दिसली तशा बाई उठल्या आणि प्रियदर्शनी डॉक्टरांच्या कानात काहीतरी बोलल्या. डॉक्टरांनी माइक घेतला. "ज्याला सत्कार करायचाय त्यानं आधी आ करायचा. तोंड दाखवलं न्हाई तर हार बी न्हाई अन् फोटू बी न्हाई!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अध्यक्षाला पळता येत नाही. मी बार थुंकला, चूळ भरली आणि हातात हार घेऊन जबडा उघडला. नेमका तेव्हाच फोटोवाल्या पप्पूनं बटण दाबलं. तोच फोटो आता स्टँडवरच्या बॅनरवर आहे, पडजिभेसकट. मग रांग लागली. यादीत नसलेले भांडायला आले, "आमी काय घोडं मारलं?" हार संपले, तेव्हा एकच हार फिरवला. दिवस मावळेपर्यंत एकशे शहाऐंशी तोंडं झाली. आता ही पद्धत पुढच्या गावांतही वापरणार आहेत, आणि ती मुळात माझ्या यादीतूनच निघाली, हे मी सगळ्यांना सांगतो.

तिघांना पुढच्या तपासणीला पाठवलं. त्यातला एक मी. डाव्या गालात पांढरा चट्टा. तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही, पण तंबाखू चालू ठेवली तर होऊ शकतो. आता दर तीन महिन्यांनी दाखवायचं. माझ्या गालाचा फोटो नॉर्वेच्या डॉक्टरांनीही पाहिला. (मी पुण्याच्या पुढे गेलेलो नाही, गाल गेला.) तंबाखू सोडून बारा दिवस झाले. सोमेश्वर बापाचे खिसे तपासतो, आणि मी तपासू देतो.

दाजींना नमस्कार.

तुझा,
काकासाहेब
(अध्यक्ष, स्वागत समिती)

ता. क. बॅटरी लावायच्या आधी बाईंनी मला एकच प्रश्न विचारला होता, तिखट झोंबतं का? मी नाही म्हणालो, आणि मला तुझं ताट दिसलं. तेव्हापासून मला भीती वाटते, अक्का. वरचं सगळं नाही वाचलंस तरी चालेल.

आणखी ता. क. गुरुवारी याच डॉक्टर जालन्याला आहेत. बुधवारी सोमेश्वर जीप घेऊन दारात येईल. मिश्रीची डबी घरीच ठेव. अंकुशनगरहून फार मोठी असामी येणार, असं मी त्यांना सांगून ठेवलंय आणि नवी कोरी शाल आणलीय. नियम तुलाही तोच. लाज वाटली तर शेजारी उभा राहून तुझ्याआधी पुन्हा मीच आ करतो.