दिव्यांच्या दोन रांगा

ओगल, ६ ऑगस्ट १९९६

ती. अडोंगोताईस, धाकट्या राबुओरचा शि. सा. नमस्कार.

इकडे सगळं क्षेम. रात्री होडीतल्या बत्त्यांच्या उजेडाला ओमेना मासळी बरी सापडते आहे. माझी अविती तुझ्या हाताखाली रात्री विमान चालवायला शिकते, हे मी किनाऱ्यावर इतक्यांदा सांगितलंय की माणसं मला बघून वाट बदलतात. तेरा तारखेला तू तिला सरोवरावरून नेणार, आणि जमलं तरच पुढे एकटीला सोडणार, असं तिने कळवलंय. त्या अंधाऱ्या रात्री आम्ही सगळे पाण्यावरच असू. लेकीसाठी एक गंमत ठरवली आहे. आत्ता सांगत नाही.

लोभ आहे तसाच असू दे.
तुझा राबुओर

किसुमू, १५ ऑगस्ट

चि. राबुओर यास अनेक आशीर्वाद आणि एक सणसणीत चपराक.

तुझी गंमत पाहिली. वीस होड्यांच्या बत्त्या, सरळ दोन रांगांत! अरे शहाण्या, अंधारात दिव्यांच्या दोन सरळ रांगा वैमानिकाला काय वाटतील? धावपट्टी!

वर चांदण्या, खाली तुमच्या बत्त्या, मध्ये क्षितिजाची रेघसुद्धा नाही. आभाळाच्या पोटात तरंगल्यासारखं झालं होतं. अवितीने रांगा पाहिल्या, खुशीत विमान तिकडे वळवलं आणि खाली नेऊ लागली. तिचं तिला कळतं का ते बघायला मी हात मांडीवर दाबून ठेवले. आता विमान माझ्या ताब्यात घेणार, इतक्यात तिनेच होकायंत्राकडे पाहिलं, नाक वर खेचलं आणि म्हणाली की आत्या, इकडे धावपट्टी नाही, इकडे तर बाबा असतात.

रात्री डोळा थापा मारतो, राबुओर, आणि आपल्याला हवं तेच दाखवतो. म्हणून मी पोरांना सांगते की डोळ्यांचं नाही, काट्यांचं ऐका. बापाची माया असली म्हणून पाण्यावर धावपट्टी उगवत नाही! तिचं एकटीचं उड्डाण मी पुढच्या अमावास्येपर्यंत थांबवलंय.

रागावते आहे, म्हणजे लोभ आहे.
अडोंगो

ओगल, २० ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

चार दिवस ताटातली मक्याची उगाली तशीच परत जाते आहे. तुझी भावजय तर माझ्याशी बोलेनाशीच झाली आहे. ताई, मीच तिला बुडवलं असतं. पुढच्या वेळी इंजिनाचा आवाज आला की सगळ्या होड्या बत्त्या विझवतील. मासळी गेली तर जाऊ दे.

माफ केलंस तर चार ओळी लिही.
राबुओर

किसुमू, २७ ऑगस्ट

चि. राबुओर यास आशीर्वाद.

बत्त्या विझवायच्या नाहीत! एकही नाही. रोजच्यासारख्या विखरून लावा आणि मासे धरा. उद्या अविती परक्या सरोवरावरून जाईल. तिथले कोळी तिचे बाप नसतील. तुझी बत्ती दिसली तरी तिला पुढे जाता आलं पाहिजे.

जेवत जा. भावजयीला सांग, मी माफ केलंय.
अडोंगो

ओगल, १३ सप्टेंबर

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

काल अमावास्येला होडीत उताणा पडलो होतो. पाणी इतकं निवांत की चांदण्या होडीखालीही होत्या. मग इंजिनाचा आवाज आला, आणि एक तांबडी नि एक हिरवी चांदणी जोडीने चालू लागली. पोरांनी ओरडून हात हलवले. मी हलवला नाही. अविती एकटीच माझ्या डोक्यावरून सरळ गेली, तसूभरही वळली नाही. पलीकडे, विमानतळाच्या बाजूला, अलगद खाली उतरली आणि थांबली.

मी उठलो आणि जाळं ओढलं. किनाऱ्यावर या वेळी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त तुला लिहितो.

लोभ वाढला आहे, तो असाच राहू दे.
तुझा राबुओर