शांत मुलांचं शिबिर

ती. ताई,

नमस्कार. पायांवर ठेवायचं डोकं कागदावर ठेवतो आहे. तू ओळीखाली बोट धरून वाचायचीस, म्हणून अक्षर मोठं काढतो.

गेलेल्या माणसाला मागून हाक मारू नये, त्याची वाट अडते, असं आपल्या गावात म्हणायचे. आज मी तुझी वाट अडवतो आहे. थोडा वेळ थांब. सुनंदा आंघोळीला गेली आहे. रेवू स्वयंपाकघरात खाली बसून ताटावर वाटी आपटते आहे. आणि थोड्या वेळात शिबिराची पांढरी व्हॅन आपल्या क्वार्टरसमोर येईल, तिला तीन आठवड्यांसाठी न्यायला. त्याआधी मला हे तुला सांगायचं आहे. दुसऱ्या कुणाला सांगू?

तू माघात गेलीस. परीक्षा संपेपर्यंत आम्ही कसंबसं निभावलं. रेवूची शाळा होती तोवर दिवस तरी जायचा. शाळेला सुट्टी लागली आणि मग कळलं, की दाजी गेल्यावर तू आमच्याकडे राहायला आलीस ती नुसती राहायला आली नव्हतीस. आमची बारा वर्षांची पोर, बोलत नाही, दारं उघडून बाहेर धावते, नळ सोडून ठेवते, रात्री उठून भिंतीवर थापा मारते. हे सगळं तू तुझ्या अंगावर घेतलं होतंस. आम्हाला फक्त त्याचा आवाज ऐकू यायचा.

रागावू नकोस, पण एक बोलतो. तू तिला एक दिवससुद्धा आमच्या हाती पुरतं दिलं नाहीस. सुनंदा म्हणायची, "ताई, आज मी उठते," तर तू म्हणायचीस, "तुले हापिस हाय बाई, निज." आम्ही निजलो. तुझं तंत्र आम्ही शिकलोच नाही. तू तिला काय म्हणून थोपटायचीस? कुठल्या कुशीवर निजवायचीस? आता विचारायला कुणी नाही.

सुनंदाच्या ऑफिसात एवढी रजा मिळेना. माझी कारखान्यातली शिफ्ट. शेजारच्या सोनीभाभी अधूनमधून रेवूजवळ बसायच्या, पण त्यांचीही लेक गुड्डी आपल्या रेवूसारखीच, तिच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. त्या स्वतःच दमलेल्या. एका दुपारी सुनंदा भाजी फोडणीला टाकून उभ्याउभ्या झोपली. पदर गॅसजवळ होता. मी पाहिलं म्हणून. त्याच संध्याकाळी ठरलं, अशा मुलांसाठी उन्हाळी शिबिरं असतात, एखादं पाहायचं.

मी तीन पाहिली.

पहिलं शहरातल्या कोटरा सुल्तानाबादला, एका घराच्या अंगणात. दारातच एक मुलगा माझ्या शर्टाला लोंबकळला. कुणी रडतंय, कुणी रंगाचं पाणी उपडं करतंय. चालवणाऱ्या बाईंचे केस सुटलेले, बाहीला हळद. त्यांनी मला बसा म्हटलं आणि बसायला खुर्ची मोकळी नव्हती. "भाईसाहब, रात को नहीं रख पाएँगे, बस दोपहर तक," त्या म्हणाल्या. मी पाच मिनिटांत निघालो.

दुसरं महाराणा प्रताप नगरात, कोचिंग क्लासच्या वर तिसऱ्या मजल्यावर. खिडक्यांना गज नव्हते. ते तिथंच सोडलं.

तिसरं शहराबाहेर, तळ्याच्या पलीकडे, जुन्या बंगल्यात. सेक्शनमधल्या कुणीतरी नाव सुचवलं होतं. फाटकापासून वाळूची वाट, दोन्हीकडे बोगनवेल, आणि आत गेल्यावर काय होतं माहीत आहे? काहीच नव्हतं. पंधरा-वीस मुलं चटईवर बसलेली आणि आवाज नाही. कूलरची घरघर तेवढी. शिबिराच्या मॅडम कडक इस्त्रीच्या साडीत समोर आल्या, हसून म्हणाल्या, "हमारे यहाँ बच्चे बहुत जल्दी सेटल हो जाते हैं."

मी तिथल्या तिथं हो म्हटलं.

ताई, माझा सगळा जन्म विजेच्या मोटारी तपासण्यात गेला. टेस्टिंगच्या शेडमध्ये आम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर ठेवतो आणि त्याची मूठ कानाला लावतो. घरघर आली, खरखर आली, म्हणजे बिघाड. आवाज नाही, म्हणजे पास. एवढंच माझं शिक्षण. त्या बंगल्यात मी तसाच कान लावला आणि पास करून टाकलं. परत येताना रस्त्यातल्या मारुतीला नारळसुद्धा वाढवला.

आधी दोन-तीन दिवस नुसतं दिवसभर पाठवायचं, मग सोमवारपासून राहायला, असा त्यांचा रिवाज. गुरुवारी व्हॅन रेवूला आणि गुड्डीला घेऊन गेली. संध्याकाळी रेवू परत आली ती स्वतःच्या पायांनी पायऱ्या चढून, माझा हात न ओढता. जेवली. ताटावर वाटी आपटली नाही. मी दिवा लावून आरती म्हटली. तू असताना ती आरतीला कशा टाळ्या पिटायची? तालाशी वैर असल्यासारख्या. शेजारच्या ब्लॉकपर्यंत ऐकू जायच्या, आणि तू म्हणायचीस, "देवाले जागं कराले कोनी तरी पाहिजे." गुरुवारी ती मांडीवर हात ठेवून बसली होती. निरांजन समोर धरलं तर ज्योतीकडे पाहिलं नाही. ज्योतीच्या मागे कुठंतरी पाहत होती.

सोनीभाभी डोकावल्या. "देखिए भाईसाहब, हमारी गुड्डी भी ऐसी ही बैठी है. एक दिन में! मैंने तो इनसे कहा, पहले क्यों नहीं पता चला."

सुनंदा हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. मी पण हसलो. पण आरतीचं पुढचं कडवं मला आठवेना. चाळीस वर्षं म्हणत आलेली आरती, आणि जीभ अडली.

शुक्रवारीही तसंच. रेवूने खिडकीत बसून सगळी संध्याकाळ काढली. एक माशी तिच्या ओठावर बसली होती. तिनं ती हाकलली नाही.

शनिवारी मी अर्धी रजा टाकली आणि न सांगता बंगल्यावर गेलो. भर दुपार होती. चौकीदार म्हणाला, "अभी मिलने का टाइम नहीं है, साहब, बच्चे सो रहे हैं." मी म्हटलं, मी रेवूचा बाप आहे, मिलने नहीं, लेने आया हूँ. त्यानं फाटक उघडलं.

हॉलचे पडदे ओढलेले होते. मुलं ओळीने निजली होती. सगळी. ताई, वीस मुलांतलं एक तरी दुपारी जागं नको? एखादं कुशीवर वळलेलं, एखादं शेजारच्याचा कान ओढणारं? सगळी उताणी. भिंतीशी एका टेबलावर पेले मांडले होते, गुलाबी सरबताचे, आणि प्रत्येक पेल्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवून मुलाचं नाव लिहिलेलं.

मी त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो. सरबत एकच असेल तर पेल्यांवर नावं कशाला?

मॅडम मागून आल्या. साडीला तीच इस्त्री. दुपारचे तीन वाजलेले, वीस मुलं सांभाळलेली, आणि त्या बाईच्या कपाळावर घामाचा टिपूस नाही, केसांची बट हललेली नाही. तेव्हा मला तू आठवलीस. रेवू सहा वर्षांची असताना आपण तिची शाळा पाहायला गेलो होतो. मी मैदान पाहिलं, वर्गांतले फळे पाहिले, पाण्याची टाकी पाहिली. तू फक्त मास्तरणीकडे पाहिलंस. त्या बिचाऱ्या पदराने मान पुसत होत्या, एका पायात चप्पल नव्हती. तू मला कोपऱ्यात घेऊन म्हणालीस, "इथंच टाक पोरीले, बापू. बाई दमेल हाय."

ते मला आठ दिवस आधी का आठवलं नाही? कोटऱ्याच्या त्या अंगणात का आठवलं नाही?

"मॅडम, इसमें क्या है?" मी पेल्यांकडे बोट दाखवलं.

"ग्लूकोज़, भाईसाहब. गर्मी है ना."

"फिर नाम क्यों लिखे हैं?"

"हर बच्चे की ज़रूरत अलग होती है." मग हसून म्हणाल्या, "आप कारखाने में हैं ना? मशीन आप समझते हैं, बच्चे हम समझते हैं. सब पेरेंट्स ख़ुश हैं. आपकी मिसेस भी."

मी रेवूला उठवलं. ती उठेना. नाव घेऊन हाक मारली, गाल थोपटले, डोळे अर्धे उघडले तर त्यात मी नव्हतो. बारा वर्षांच्या पोरीला खांद्यावर टाकून मी फाटकाबाहेर आलो आणि रिक्षा मिळेपर्यंत उन्हात उभा राहिलो. माझा रामनामाचा जप चालू होता, पण खरं सांगतो, मी तिचा श्वास मोजत होतो.

घरी आलो. सुनंदाला सगळं सांगितलं. ती ओट्याकडे तोंड करून ऐकत होती. माझं झाल्यावर तिनं पिठाच्या डब्यामागे हात घातला आणि एक लहान बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. वर काही छापलेलं नाही.

"शुक्रवारी व्हॅनबरोबर पाठवली होती," ती म्हणाली. "रात्रीसाठी. एक चमचा."

"दिलास?"

"दिला."

मी बाटली उजेडाकडे धरून पाहिली.

"मला कळलं होतं," ती म्हणाली. "गुरुवारीच कळलं होतं. तिच्या तोंडाला औषधाचा वास येत होता. मी आई आहे, मला कळणार नाही का? पण शुक्रवारी रात्री मी झोपले हो. सकाळपर्यंत झोपले. एक महिना मागितला होता मी देवाकडे, जास्त नाही." मग म्हणाली, "आता तुम्ही आणलंत तिला. आता उठा रात्री."

ताई, तू असतीस तर तिला काय म्हणाली असतीस? मला राग आलाच नाही. मला भीती वाटली. राग आला असता तर बरं झालं असतं.

काल, रविवारी, सोनीभाभींकडे गेलो. पेल्यांवरची नावं सांगितली, सगळं सांगितलं. त्यांनी चहा पुढे केला. गुड्डी पलंगावर होती. भाभी हळू आवाजात म्हणाल्या, "भाईसाहब, तीन दिन से इसने मुझे काटा नहीं है. ये देखिए, हाथ." त्यांच्या मनगटावरच्या जुन्या खुणा सुकत चालल्या होत्या. "आपको शक है तो अपनी बच्ची मत भेजिए. हमारी नींद मत उड़ाइए."

मी चहा तसाच ठेवून उठलो.

काल रात्रभर रेवू जागी होती. अंगातून ते उतरत असावं, आधी कधी नव्हती इतकी अस्वस्थ होती. भिंत, दार, पुन्हा भिंत. सुनंदाने आधीचा भाग काढला, मी नंतरचा. पहाटे मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. तांब्या डावीकडे असतो. माझा हात उजवीकडे गेला, पिठाच्या डब्याकडे. हे मी तुला सांगतो आहे, सुनंदाला सांगितलेलं नाही. हात गेला. बोटांना काच लागली.

बाटली ओतून टाकावी असं तेव्हाच मनात आलं. पण ओतली तर डॉक्टरांना दाखवायचं काय? मग मी ती देवघरात नेऊन ठेवली, बाळकृष्णाच्या मागे. तिथं आम्हा दोघांचाही हात जायचा नाही, असं वाटलं. आत्ता सुनंदा आंघोळीला जायच्या आधी तिथं फूल ठेवायला गेली, तेव्हा तिला दिसली. तिनं फूल ठेवलं आणि थोडा वेळ तिथंच उभी राहिली. जरा जास्तच वेळ.

व्हॅन आली आहे. हॉर्न वाजवत नाहीत ते लोक, येऊन नुसते उभे राहतात. मी खिडकीतून खूण केली, रेवू येणार नाही. ड्रायव्हरनं मान हलवली, जणू त्याला माहीतच होतं. सोनीभाभी गुड्डीला घेऊन खाली आल्या आहेत. याच गुड्डीला शाळेच्या रिक्षात बसवायला दोन माणसं लागायची. ती आपली आपण चढली, खिडकीशी बसली. भाभींनी हात हलवला. तिनं हलवला नाही. भाभींनी वर माझ्या खिडकीकडे पाहिलंच नाही.

मी खाली धावायला हवं होतं. हे लिहून होईतो व्हॅन वळणावर गेलीसुद्धा.

ताई, आता तुला शब्द देतो. दवाखाना उघडला की ती बाटली मी कारखान्याच्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवीन आणि ती काय आहे हे लिहून घेईन. तो कागद घेऊन आधी सोनीभाभींच्या दाराशी जाईन, त्यांनी दार लोटलं तरी बाहेरून वाचून दाखवीन, मग त्यांच्या यजमानांना बरोबर घेऊन बंगल्यावर. गुड्डीला आज अंधार पडायच्या आत आणायचं. रजेचा अर्ज टाकला आहे, मंजूर होवो न होवो. आणि रेवू जागी असेल तोवर या घरात आमच्यापैकी एकजण जागा असेल. दुसरा झोपेल. दोघंही एकाच वेळी दमलो तर काय, ते मला माहीत नाही. तेव्हा तू आमच्या देवघराकडे लक्ष ठेव.

तुझा धाकटा,
बापू