मागून येणारी टकटक

प्रिय भिंगरी,

तुझा फोन झाल्यापासून लिहीन लिहीन म्हणतेय, पण तुझे बाबा मोकळं सोडतील तर ना. नोकरीतून सुटले आणि शेडमधल्या आपल्या घरगाडीच्या मागे हात धुऊन लागलेत. ताडपत्री काढली, नवी बॅटरी आणली, चाकांत हवा भरली. आता रोज चहा झाला की मला गाडीत घालून गोदामांमागच्या खडबडीत रस्त्यावर फेऱ्या मारतात. नवरा फिरायला नेतो म्हणून शेजारीण माझा हेवा करते. तिला काय माहीत, मी मागच्या बाकावर आडवी पडून मधल्या फळीला कान लावून असते. गाडीत एक आवाज येतो म्हणे, तो त्यांना शोधून काढायचाय.

आवाज शोधायची त्यांची रीतच वेगळी. आधी गाडीतलं जे जे वाजू शकतं ते सगळं बाहेर काढायचं. चमच्यांचा खण, ताटल्या, किटली, गॅसची टाकी, सगळं अंगणात. मग रिकामी गाडी चालवायची आणि एकेक वस्तू परत ठेवत जायची. कुईकुई झाली तर पट्टा, घरघर असली तर बेअरिंग, गाडी उभी असतानाही वाजलं तर इंजिन. मला आता झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला आणि मूठ कानाला लावून ऐकायलासुद्धा शिकलेय. या वयात तुझी आई मेकॅनिक झाली बघ. पट्टा बदलला, सायलेन्सरचा क्लॅम्प आवळला, तरी यांचं समाधान नाही. गॅरेजवाल्याने हात टेकले. जुनी गाडी आहे काका, थोडी बोलणारच, असं तो बिचारा हसत म्हणाला, तर हे त्याच्यावर असे उखडले की मला मध्ये पडावं लागलं. बाकी कुठल्या आवाजाशी त्यांना देणंघेणं नाही. लागोपाठ तीन ठोके, जरा थांबून पुन्हा तीन, एवढाच हवाय.

आता जे लिहितेय ते तुला आम्ही कधी सांगितलेलं नाही. त्या शेवटच्या प्रवासात तू पाच वर्षांची होतीस आणि मागे दादाच्या पायाशी झोपली होतीस. पुढच्या दिव्यांचा उजेड तुमच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून बाबांनीच मध्ये लाकडी फळी ठोकली होती. दादाला सांगून ठेवलं होतं, काही लागलं तर फळीवर तीनदा वाजव, मी थांबवीन. त्याचा दमा आदल्या दिवसापासून जरा वर होता, पण औषध दिलं होतं आणि निघताना तो चांगला हसत होता गं. वाटेत मागून टकटक आली. मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, काहीतरी सैल झालंय, पोचल्यावर बघतो. ती गाडी तशीही कायम खडखडायची, म्हणून मीही गप्प बसले. थोड्या वेळाने आवाज थांबला. पोचल्यावर मागचं दार उघडलं, त्यापुढचं तुला माहीत आहे.

म्हणून त्यांना तो आवाज गाडीतच सापडायला हवाय. एखादा नट, एखादा पत्रा, काहीही, ज्यावर बोट ठेवून म्हणता येईल की वाजत होतं ते हे. तसं झालं नाही तर हा माणूस मला पुरणार नाही, भिंगरी. इतके दिवस जेवण सुटलं होतं, दाढी करत नव्हते, पानावर बसले तरी मध्येच मान वळवून ऐकत बसायचे. तुझा मामा म्हणतो, भंगारात देऊन टाका ती गाडी. त्याला सांगणं सोपं आहे. खरं सांगू, मलाही आता त्या गाडीची भीती वाटते. दादाच्या बाकावर पडलं की त्याच्या केसांच्या तेलाचा वास येतो, इतक्या वर्षांनी कसा येईल, पण येतो. परवा इंजिन बंद करून बाबा उतरले, मी अजून आडवीच होते आणि मला ते ऐकू आलं. तीन. मग पुन्हा तीन. इंजिन गार होताना पत्रा वाजतो हे मला कळतं. तरी माझ्या तोंडून थांबा, थांबा असं निघून गेलं.

काल मात्र सापडला. मागच्या डाव्या शॉकअपचं रबर खलास झालंय आणि नट सैल आहे. खड्डा आला की ठकठक वाजतो. बाबा गाडीखालून सरपटत बाहेर आले, तेलाने माखलेले, हातात तो नट, आणि अंगणात बसून लहान मुलासारखे रडले. हाच तो, हाच तो, इतकंच म्हणत राहिले. मग अंघोळ केली, दाढी केली, पोटभर जेवले आणि दुपारी गाढ झोपले. मी त्यांच्याकडे नुसती बघत बसले. दादाच्या त्या शेवटच्या प्रवासातला रस्ता नवा कोरा होता, भिंगरी. एक खड्डा नव्हता. माझ्या मांडीवर बाटली उघडी होती आणि तिच्यातलं पाणी हललंसुद्धा नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तू येते आहेस. फोनवर म्हणालीस, त्या प्रवासातलं थोडंसं आठवायला लागलंय, आल्यावर दोघांना बसवून सांगायचंय. तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही, म्हणून हे पत्र. तू तेव्हा जागी होतीस का, तुला काय दिसलं, सगळं सांग, पण मला एकटीला सांग. मी स्टेशनवर येईन, तिथेच बाकावर बसू, मला ऐकायचंय. घरी आलो की बाबा तुला तो नट दाखवतील. तू तो हातात घे, नीट बघ आणि त्यांना म्हण, हो बाबा, हाच वाजत होता.

तुझीच,
आई