ओट्यावरचं कॅलेंडर

ग्रोनिंगन, नेदरलँड्स
रविवार

ती. आई,
तुला नमस्कार.

तू सुखरूप पोचलीस, हे दादाने कळवलं. गुडघ्याला तेल लावतेस ना? आम्ही मजेत आहोत, घर तेवढं मोठं वाटतंय.

इथे घरोघरी वाढदिवसांचं कॅलेंडर संडासातच असतं, पण तू किती तणतणली होतीस! "जिवंत माणसांची नावं तिथे टांगता? लाज नाही वाटत?" म्हणत ते ओट्यावरच्या भिंतीला लावलंस. मी ते अजून हलवलेलं नाही.

काल शेजारच्या आल्तियेबाई कॉफीला आल्या. संडासातून बाहेर आल्या त्या फणकाऱ्यानेच. "कॅलेंडर कुठंय? माझा वाढदिवस जवळ आला म्हणून लपवलंस काय गं?"

मी ओट्यापाशी नेऊन दाखवलं. त्यांनी बाराही पानं उलटली. "आणि तुझ्या आईचं नाव?"

मी ओशाळले. म्हटलं, तिची जन्मतारीख कुणी लिहूनच ठेवली नाही.

बाईंनी पेन मागितलं. तू इथे आलीस त्या दिवसासमोर, चौदा मे या तारखेपुढे, मी तुला मारते ती हाक त्यांनी त्यांच्या लिपीत लिहिली. आई.

या कॅलेंडरवर साल नसतं, दरवर्षी तेच चालतं. म्हणजे तुझी तारीख आता ठरली. गुडघा बरा कर आणि ये.

तुझी,
मृदू